उन्हाला बगल

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पूस-माघात एक आकडी होतो. माणूस कूलर लावतो, शेकोटी पेटवतो. जनावराकडे यातलं काही नाही, तरीही म्हशीचं अंग ३८ अंशांच्या आसपास आणि पक्ष्यांचं साधारण ४० ते ४२ अंशांत टिकून असतं. घाम, धाप, कुडकुडणं या शरीराच्या सोयी आहेतच, पण त्या महाग पडतात. घामात आणि धापेत पाणी जातं, कुडकुडण्यात खाल्लेलं अन्न जळतं. म्हणून जनावर आधी स्वस्तातला उपाय करतं. कुठे बसायचं, केव्हा चरायचं, अंग कोणत्या बाजूला वळवायचं, हे ते बदलतं.

सरड्याची तर सगळी भिस्त यावरच असते, कारण त्याच्या शरीरात ऊब फारशी तयारच होत नाही. थंडीत सकाळी तो कुंपणाच्या खांबावर येतो, अंग चपटं करून उन्हाला आडवं धरतो आणि रंग गडद करतो. पुरेसा तापला की मगच किड्यामागे धावतो. ऊन चढलं की तोच सरडा खांबाच्या सावलीच्या बाजूला सरकतो. काळतोंडी वानरंही हिवाळ्यात सकाळी झाडाच्या शेंड्यावर छाती उन्हाकडे करून बसतात. वैशाखात ती दुपारभर दाट पानांत फांदीवर पालथी पडून असतात. चिंचेला लटकलेली वटवाघळं पंखांनी स्वतःला वारा घालतात, अंग चाटून ओलं करतात. करकोचे उन्हात स्वतःच्या पायांवरच शिटतात. ती ओल सुकताना पायातलं रक्त थंड होतं.

आता म्हैस. काळी कातडी, विरळ केस आणि गाईच्या जेमतेम एक षष्ठांश घामग्रंथी, असं शरीर घेऊन ती तेलंगणाच्या उन्हात उभी असते. ती डबक्याकडे ओढ घेते तेव्हा आपण तिला आळशी म्हणतो, हे चूक आहे. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. जे काम गाय बऱ्याच अंशी घामावर भागवते, त्यासाठी म्हशीला बाहेरचं पाणी लागतं. नुसतं पाणी लवकर सुकतं, चिखल ओल धरून ठेवतो. म्हणून डोहातून बाहेर आलेली म्हैस चिखलाने माखलेली असेल तर गारवा अधिक वेळ टिकतो, शिवाय माशाही कमी चावतात.

मला सगळ्यात थोर वाटते ती टिटवी. ऐन उन्हाळ्यात ती उघड्या रानात, मुरमाच्या उथळ खळग्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते. आसपास झुडूपही नसतं. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला, असं आपण शाळेत शिकतो. वैशाखातल्या दुपारी टिटवीचं काम नेमकं उलटं असतं. जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते आणि अंड्यातला जीव थोडा गारठा सोसत असला तरी अती ताप फार वेळ सोसत नाही. मग ती अंड्यांवर न बसता उभी राहते आणि स्वतःच्या अंगाची सावली त्यांच्यावर धरते. चोच उघडी असते, गळ्याची कातडी थरथरत असते. जोडीदार आला की ती नाल्यावर जाते, उथळ पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओलं पोट अंड्यांना लावते. नर-मादी दोघंही पाळीपाळीने हे करतात. जवळ पाणी असेल तरच हे जमतं.

वाघाचंही पाण्यावाचून भागत नाही. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आदिलाबादमधल्या भीमपूर, तामसीकडे येतात. पुढे २०१२ साली घोषित झालेला कवल व्याघ्र प्रकल्प आहे. उन्हाळ्यात दुपारी वाघ मागच्या पायांनी पाण्यात शिरतो आणि कंबरेपर्यंत बुडून तासन् तास बसतो. शिकार, भटकंती संध्याकाळनंतर. म्हणून पाणवठा आटला तर वाघाची तहान भागत नाही आणि अंग निवायची जागाही जाते.

या सगळ्या युक्त्यांना जागा निवडण्याची मोकळीक लागते. दावणीच्या ढोराला ती नसते. सकाळची सावली दुपारी सरकते, कासरा सरकत नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय असा बैल दिसला तर त्याचे बाकीचे उपाय संपलेत असं समजावं. जाणते शेतकरी उन्हाळ्यात वखर दहाच्या आत सोडतात, ते याचसाठी.

तेव्हा यंदाच्या उन्हाळ्यात एवढं करा. दुपारची सावली कुठे पडते ते पाहून खुंटा ठोका आणि पाण्याची टाकी त्याच सावलीत ठेवा. धुऱ्यावरचा पळस, मोह तोडू नका. म्हशीला दिवसातून एकदा तरी डोहावर न्या, डोह आटला असेल तर अंगावर पाणी मारा. आणि नांगरताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर खाली उतरून अंडी शोधा, तेवढा तुकडा सोडून द्या आणि लवकर दूर व्हा, म्हणजे तिला परत येऊन सावली धरता येईल.