फॉर्ममधलं भूत: नेस्टेड फील्ड्स सर्व्हरवर पोचतात कशा?

फोनवर तुम्ही 'सबमिट' दाबता, त्यानंतर काय होतं? आजचा एपिसोड त्यावर.

आधी माझी चूक सांगतो. एका ट्रेकिंग ग्रुपसाठी मी राजगड ट्रेकचा रजिस्ट्रेशन फॉर्म स्प्रिंगमध्ये बनवला होता. एकाच फॉर्ममध्ये सगळ्या मित्रांची नावं, वय, पत्ता. 'आणखी एक' दाबलं की नवी ओळ, शेजारी 'काढा'चं बटण. बुकिंग फुल्ल झालं, वेटिंगवरच्या सहा जणांना 'जागा नाही' असा मेसेज गेला. आणि ट्रेकच्या पहाटे बसमध्ये चार सीटा रिकाम्या! यादीत चार प्रवासी असे होते, ज्यांना ना नाव, ना वय.

ही भुतं आली कुठून?

साधा एचटीएमएल फॉर्म सबमिट होतो तेव्हा ब्राउझर ऑब्जेक्ट वगैरे पाठवत नाही. तो जोड्या पाठवतो: फील्डचं नाव आणि तुम्ही भरलेला मजकूर. मग 'मेंबर्सची लिस्ट, प्रत्येकाचा पत्ता, त्यात शहर' ही रचना कळवायची कशी? फील्डच्या नावातूनच. उदाहरणार्थ, 'मेंबर्स[०].पत्ता.शहर'. पोस्टाच्या पत्त्यासारखं वाचा: मेंबर्सची लिस्ट घे, त्यातला शून्य नंबरचा मेंबर, त्याचा पत्ता, त्यातलं शहर. स्प्रिंग या वाटेने चालत जातं आणि वाटेत ऑब्जेक्ट नसेल तर स्वतःच नवा बनवतं. यालाच डेटा बाइंडिंग म्हणतात. पीएचपी आणि रेल्समध्ये डॉटऐवजी चौकटी कंस असतात, बाकी कल्पना तीच.

आता गोची बघा. ओळी तीन: ०, १, २. कोणीतरी मधली ओळ काढली. उरले ० आणि २. स्प्रिंगला २ पर्यंत पोचायचंय, मग १ च्या जागी ते रिकामा मेंबर उभा करतं. झालं भूत तयार! एएसपी डॉट नेट कोअरमध्ये नेमकं उलटं: १ दिसला नाही की बाइंडिंग तिथेच थांबतं आणि २ नंबरचा खरा माणूस गायब. एरर मात्र दोन्हीकडे येत नाही.

'नाव रिकामं नको' ही तपासणी मी फक्त ब्राउझरमध्ये ठेवली होती. पण काढलेली ओळ ब्राउझरमध्ये नाहीच, तर तो तपासणार काय? म्हणून दोन गोष्टी करा. सबमिटआधी ओळींना पुन्हा ०, १, २ असे नंबर द्या. आणि सर्व्हरवर व्हॅलिडेशन ठेवा. 'व्हॅलिड' हे ॲनोटेशन आतल्या लिस्टवरही लावा, नाहीतर फक्त वरचा ऑब्जेक्ट तपासला जातो.

शेवटची गोष्ट सुरक्षेची. फील्डची नावं ब्राउझरकडून येतात, म्हणजे कोणीही ती बदलू शकतं. तुमच्या ऑब्जेक्टमध्ये 'पैसे भरले' असं फील्ड असेल, तर ते नाव टाकून फुकट सीट मिळवता येते. २०२२ मधला स्प्रिंगफोरशेल हा गाजलेला दोषही याच वाटेचा होता: फील्डच्या नावातून क्लास, मॉड्यूल, क्लासलोडर अशी वाट काढत हल्लेखोर सर्व्हरच्या सेटिंगपर्यंत पोचू शकत होता. म्हणून डेटाबेसचा ऑब्जेक्ट थेट फॉर्मला जोडू नका. फॉर्मसाठी वेगळा छोटा क्लास करा, त्यात हवी तेवढीच फील्ड्स.

त्या सहा जणांना मी फोन करून माफी मागितली. तुम्हाला तो फोन करावा लागू नये, म्हणून हा एपिसोड. तुमच्या फॉर्ममधली मधली ओळ आजच काढून बघा, आणि भूत निघालं तर कळवा! भेटू पुढच्या भागात.