क्यूआर कोड कुणाच्या नावाचा?

कॉटन ग्रीनला आम्ही बचत गटाच्या बायका डबे, चकल्या, लोणची विकतो. पूर्वी गिऱ्हाईक पैसे हातावर ठेवायचं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, हळूहळू सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पण आता पैसा हातात न येता थेट खात्यात जातो. ते खातं कुणाचं?

क्यूआर कोडच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत एका खात्याचा पत्ता असतो. तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असेल, तर कष्ट आपले आणि कमाई त्यांच्या नावावर. उद्या धंद्यासाठी कर्ज मागायला गेलो, तर बँकेला आपल्या खात्यात उलाढाल दिसणारच नाही.

म्हणून आजच शेजारणीच्या फोनवरून आपला कोड स्कॅन करा आणि पडद्यावर कुणाचं नाव येतं ते वाचा. स्वतःचं खातं, त्याला जोडलेला स्वतःचा मोबाइल नंबर आणि फक्त आपल्यालाच ठाऊक असलेला पिन, ही तिन्ही हवीत. आणि लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तो फसवतोय. फसगत झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा.