रूळ कुणाच्या वावरातून, थांबा कुणाच्या गावात?

१५ एप्रिल १९९४ रोजी यवतमाळच्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचे वाफेचे इंजिन कायमचे विझले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले हे इंजिन जवळपास सत्तर वर्षे यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या वाटेवर धावले. त्यानंतर डिझेल इंजिन आले, पण गाडीची चाल तीच राहिली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि पुढे अचलपूरपर्यंत आणखी ७६ किलोमीटर, एवढा हा अडीच फुटी रूळ. यवतमाळ जिल्ह्यात आज रेल्वेबद्दल जे वाद चालतात, त्यांचे मूळ शोधायचे तर या रुळापासूनच सुरुवात करावी लागते.

हा मार्ग आखताना कुठल्याही गावाला विचारले गेले नव्हते. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीला वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत न्यायचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने त्यासाठीच हा मार्ग उभारला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि मोबदला घ्यायचा कंपनीने, हा कारभार वर्षानुवर्षे चालला.

असे असूनही या भागातल्या माणसांनी शकुंतलेवर जीव लावला, कारण ती थांबत असे. लाडखेडसारख्या गावातही थांबत असे. बिनमाणसांच्या स्टेशनांवर गार्डच खाली उतरून तिकिटे फाडी. एसटीचे भाडे ज्यांना परवडत नव्हते, अशा शेतमजुरांची, बाजाराला निघालेल्या बायांची ही गाडी होती. २०१६ च्या सुमारास यवतमाळकडची फेरी बंद पडली. त्याच काळात तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा केली. नवे रूळ आले नाहीत आणि जुन्यांवर बाभळी वाढल्या.

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मोठी रेल्वे आली ती वणीच्या टोकाला, कोळशाच्या पट्ट्यात. जिल्ह्याच्या गावाला, यवतमाळला, मात्र मुंबईची गाडी धरायची तर सुमारे ४५ किलोमीटरवरचे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले धामणगाव गाठावे लागते. पुसदने राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव नाईक हे दोन मुख्यमंत्री दिले, पण पुसदचा माणूस आजही रेल्वेची वाट पाहतो आहे.

म्हणूनच २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाला मंजुरी मिळाली, तेव्हा लोकांना खरोखर आनंद झाला. मार्ग सुमारे २८४ किलोमीटरचा, खर्चातला ४० टक्के वाटा राज्याचा. देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव अशी ही वाट. विदर्भ आणि मराठवाडा यांना सरळ जोडणारी.

पुढे मोजणी सुरू झाली आणि चर्चा दिल्लीतून गावच्या पारावर आली. रेल्वे नको, असा सूर या पट्ट्यात सहसा निघत नाही. प्रश्न असतात ते वावराचे. रूळ वावराच्या मधून गेला तर पलीकडच्या तुकड्यात बैलजोडी कशी न्यायची? पांदण तुटली तर पर्यायी रस्ता कोण देणार? विहीर एका बाजूला आणि पराटी दुसऱ्या बाजूला राहिली तर पाइप कुठून टाकायचा? रुळाखालच्या बोगद्यात पावसाळ्यात पाणी साचले तर कापूस घरी कसा आणायचा? नकाशावर हे प्रश्न दिसत नाहीत. ते ज्याचा धुरा तुटतो त्यालाच दिसतात, आणि ते विचारणाऱ्याला विकासाचा विरोधक म्हणणे हा अन्याय आहे.

उशीर हा या जिल्ह्याचा सगळ्यात मोठा घाव. मोजणीचे दगड रोवले की त्या वावराला गिऱ्हाईक मिळत नाही आणि त्यात नवी विहीर खोदायला हात धजत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून रेल्वेच्या संपादनालाही लागू झाल्या. मंजुरीचे वर्ष आणि ही तारीख यांमध्ये सहा-सात वर्षे गेली, त्यामुळे आधी वावर दिले त्याला काय आणि नंतर दिले त्याला काय, हा प्रश्न उरतोच. खर्चाचा अंदाजही तीन हजार कोटींच्या पलीकडे गेला.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते वर्धा-कळंब टप्प्याचे लोकार्पण झाले आणि चिंतामणीच्या कळंबला गाडी आली. मंजुरीनंतर १५ वर्षांत सुमारे ४० किलोमीटर, एवढा हा हिशेब.

रुळाचे हेच प्रश्न रस्त्यालाही लागू होतात. त्याच वर्षी नियोजित शक्तिपीठ महामार्गाची आखणी पुढे आली. तेव्हाच्या आखणीनुसार पवनार ते पत्रादेवी, ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, त्यांत यवतमाळही. कोल्हापुरात त्याला कडवा विरोध झाला. इथल्या शेतकऱ्यालाही विचारावेसे वाटते : चढायची-उतरायची जागा ठरावीक ठिकाणीच असलेल्या अशा रस्त्यावर माझा ट्रॅक्टर चालणार का? माझ्या गावाला त्यावरून कुठे जाता येणार?

शंभर वर्षांच्या या प्रवासातून एकच गोष्ट ठळक होते. कापसासाठी आखलेली परक्या कंपनीची गाडीसुद्धा लोकांनी आपली मानली, कारण ती गावात थांबत होती. आपल्या सरकारने आपल्या माणसांसाठी आखलेल्या मार्गाला तर याहून अधिक करता आले पाहिजे. आखणीचा नकाशा पक्का होण्याआधी ग्रामसभेपुढे यावा. पांदण, बोगदा आणि थांबा यांचा लेखी ठराव मोजणीच्या आधी व्हावा. कळंबच्या पुढे दारव्हा, दिग्रस, पुसदकडे रूळ सरकत असताना तरी हे पाळले जावे. ज्या गावाने वावर दिले, त्या गावात गाडी थांबलीच पाहिजे.