सायनसच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेनंतरचे विरळ उपद्रव

पीनस व दुष्ट प्रतिश्यायाचे रुग्ण भंडारा जिल्ह्यातील वैद्यास नवे नाहीत. धानाची मळणी आणि राईस मिलची धूळ यांत वावरणारे अनेकजण वर्षानुवर्षे नाक चोंदल्याची तक्रार घेऊन येतात. त्यांपैकी काही नागपुरास जाऊन सायनसची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून घेतात आणि पुढे नाक वाहू लागले की, बाहेरून जखम दिसत नसल्यामुळे, निःशंकपणे पुन्हा आपल्याकडे येतात. अशा वेळी आपण काय ओळखावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९७० च्या दशकात ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी या पद्धतीचा पाया घातला. ती एकंदरीत सुरक्षित आहे, हे आम्ही आरंभीच नमूद करतो. अमेरिकेतील ६२,८२३ रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गंभीर उपद्रव सुमारे १ टक्का आढळले. त्यांत मेंदूभोवतालच्या द्रवाची गळती ०.१७ टक्के होती. परंतु शस्त्र जेथे चालते ती जागा अवघड आहे. वर मेंदूखालचे पातळ हाड, बाजूस डोळ्यालगतची कागदासारखी अस्थी, आणि मागे मेंदूस रक्त पुरविणारी धमनी. २०२१ साली कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमुळे विदर्भातील अनेक रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करावी लागली. त्या व्याधीत तर बुरशी हाडच पोखरते.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नासापरिस्राव वर्णिला आहे : स्राव स्वच्छ, पाण्यासारखा, रात्री विशेष. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात असा स्राव दिसताच आपले मन त्या निदानाकडे धावते आणि नस्याची सिद्धता होते. आमच्या मते खरा धोका येथेच आहे. एकाच नाकपुडीतून थेंब-थेंब पाणी येणे, वाकल्यावर ते वाढणे, घशात खारट चव लागणे, उठून बसल्यावर डोके दुखून आडवे होताच बरे वाटणे, ही मस्तिष्कद्रवाच्या गळतीची लक्षणे होत. रोवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम करणाऱ्या स्त्रीस ती प्रथम बांधीतच जाणवतील. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यावर काही वेळाने उरलेले पाणी वाकताना गळते, ते निराळे; धुणे थांबविले की तेही थांबते. शंका उरल्यास स्राव स्वच्छ बाटलीत घेऊन बीटा-२ ट्रान्सफेरिन या तपासणीस पाठविता येतो. ग्लुकोजच्या पट्टीवर विसंबू नये.

अशा रुग्णास नस्य, जलनेती वा धूमपान देऊ नये. नाकास शिराचे द्वार मानणाऱ्या आपणांस कारण सांगावयास नको : ते द्वार येथे अक्षरशः उघडे असते आणि त्यातून जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. ज्वर, वमन, मान ताठणे, प्रकाश न साहणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तोपर्यंत नाक शिंकरू नये, कुंथू नये, डोके उंच ठेवावे. लहान गळती कधी विश्रांतीने भरते. एरवी दुर्बिणीनेच ती बुजविता येते व बहुतेकांत यश येते.

डोळ्याचे उपद्रव बहुधा पहिल्या काही तासांतच प्रकट होतात. डोळा पुढे येऊन टणक होणे व दृष्टी मंदावणे याचा अर्थ आत रक्त साचते आहे. दाब न उतरल्यास तास-दीड तासात दृष्टी कायमची जाऊ शकते. नाक शिंकरल्यावर पापणी सुजून बोटाखाली करकरली तर ती बहुधा शिरलेली हवा असते, आणि ती सहसा आपोआप जिरते. तथापि दृष्टी तपासल्यावाचून तसे ठरवू नये. दोन वस्तू दिसणे हे नेत्रस्नायूच्या इजेचे चिन्ह असू शकते. क्वचित काही दिवसांनी वा आठवड्यांनी एकाएकी जोराचा रक्तस्राव होतो. धमनीच्या भिंतीस आलेला फुगवटा फुटल्याचे ते लक्षण असू शकते, म्हणून केवळ रक्तपित्त समजून घरी थांबवू नये.

लाखांदूर वा तुमसरहून नागपूर जवळ नाही, आणि रात्रीचा प्रवास रुग्ण टाळतो, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रथम शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलावे. सोबतच्या चिठ्ठीत शस्त्रक्रियेची तारीख, स्राव कोणत्या बाजूने व केव्हापासून, आणि आपण नस्य दिले असल्यास तेही, न लपविता, लिहावे.