हाफ तिकीट, फुल तिकीट

मुरबाडला रेल्वे नाही. शहापूरला आहे म्हणावी, तर स्टेशन आसनगावला. त्यामुळे आमच्या गावपाड्यांना आधार एसटीचा.

या एसटीत तीन तऱ्हेचे प्रवासी शेजारी शेजारी बसतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं. माझ्यासारखा पन्नाशीतला बाप्या फुल तिकीट काढतो. खड्डे मात्र तिघांना सारखेच!

गंमत अशी, की आजोबांच्या फुकट प्रवासाबद्दल सहसा कुणी कुरकुरत नाही. म्हातारपण आपल्यालाही येणारच आहे. बाईच्या हाफ तिकिटावर मात्र शेरे ऐकू येतात. बिगारी कामाला निघालेला माणूस फुल देतो आणि शेजारची पगारदार बाई हाफ, हे त्याला खुपतं. पण त्याच गाडीत भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघालेली बाईही असते. आणि त्याची स्वतःची बायको हाफ तिकिटावर माहेरी जाते, तेव्हा त्याची तक्रार नसते.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत एकाच घोंगडीचे दोघांना दोन भाव पडतात. तिथं राग येत नाही, कारण घासाघीस ज्यानं त्यानं केलेली असते. तिकिटात घासाघीस नाही, म्हणून नजर शेजाऱ्याच्या तिकिटाकडे जाते.

काहनेमन, नेच आणि थेलर या अभ्यासकांनी कॅनडातल्या लोकांना विचारलेले प्रश्न १९८६ साली प्रसिद्ध झाले. मोटारींची टंचाई आहे म्हणून विक्रेत्यानं ठरल्या किमतीवर २०० डॉलर चढवले, तर? ७१ टक्के म्हणाले, अन्याय. आधी देत असलेली २०० डॉलरची सूट त्यानं नुसती बंद केली, तर? आता अन्याय म्हणणारे ४२ टक्केच. खिशाला चाट तेवढीच!

एसटीतही तेच. फुल भाडं मूळ धरलं, तर बाईला सवलत. हाफ मूळ धरलं, तर बाप्याला दुप्पट दंड. कुरकुरणारा मनातल्या मनात दुसरा हिशेब मांडतो.

तरीही त्या बिगाऱ्याचं म्हणणं मला टाकाऊ वाटत नाही. ही सवलत गरज विचारत नाही. त्याच्यासाठी मासिक पास आहे म्हणावं, वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस फिरा. पण वीस दिवसांचे पैसे एकदम मोजायला ते पगारदाराच्या हाती असतात. याची मजुरी रोज संध्याकाळी येते आणि रात्रीपर्यंत किराणा दुकानात जाते.