मर्टन मिलर : भांडवल-रचनेपासून वित्तीय तंत्रज्ञानापर्यंत

कंपनीने भांडवल कर्जरोखे काढून उभारले काय किंवा भाग विकून उभारले काय, तिच्या एकंदर मूल्यात त्यामुळे फरक पडतो का? शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक मर्टन मिलर (१९२३–२०००) यांच्या संशोधनाचे सूत्र या प्रश्नात सापडते. अध्यापनाकडे वळण्यापूर्वी, युद्धकाळात, ते अमेरिकी अर्थखात्याच्या कर-संशोधन विभागात होते. पुढे त्यांच्या लेखनात करांना मिळालेले स्थान पाहता हा तपशील दुर्लक्षणीय नव्हे.

१९५८ साली फ्रांको मोदिल्यानी यांच्यासह त्यांनी मांडलेल्या प्रमेयानुसार, कर नसतील आणि व्यक्तीस व कंपनीस एकाच दराने कर्ज मिळत असेल, तर भांडवल-रचनेने मूल्य बदलत नाही. समजा, दोन कंपन्यांचा वार्षिक नफा प्रत्येकी १ लाख डॉलर आहे. पहिलीवर कर्ज नाही व तिचे मूल्य १० लाख आहे; दुसरीचे १२ लाख, पैकी ४ लाखांचे कर्जरोखे ५ टक्के व्याजाचे. दुसरीच्या एकदशांश भागांची किंमत ८० हजार व त्यांवरील प्राप्ती ८ हजार होते. चतुर भागधारक ते भाग विकील, २० हजार स्वतः कर्जाऊ घेईल आणि पहिलीचे एकदशांश भाग खरेदी करील. व्याजाचे १ हजार वजा जाता त्याच्या हाती ९ हजार उरतात. सर्वच असे करू लागले म्हणजे १२ लाखांचे मूल्य टिकणे नाही.

ही गृहीतके वास्तवात आढळत नाहीत, हा आक्षेप खरा असूनही गैरलागू आहे. मूल्यात फरक दिसलाच, तर कोणत्या गृहीतकाचा भंग त्यास कारण झाला, हे शोधण्याची दिशा प्रमेयाने दिली. व्याजावरील कर-सवलतीमुळे कर्ज लाभदायक ठरते, अशी दुरुस्ती दोघांनीच १९६३ मध्ये केली; व्याज घेणाऱ्यावरील व्यक्तिगत कर हा लाभ पुसून टाकू शकतो, असे मिलर यांनी १९७७ मध्ये दाखविले. १९९० च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी होते.

नवी वित्तीय साधने बहुतांशी कर व नियम यांच्या दडपणातून जन्मतात, असे प्रतिपादन त्यांनी १९८६ मध्ये केले. शून्य-व्याज रोख्यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांवरील व्याज प्रत्यक्षात उत्तरोत्तर वाढत जाते. अमेरिकी कायदा मात्र दरवर्षी समान वजावट देई. साहजिकच १९८१ मध्ये कंपन्यांनी असे रोखे भराभर काढले, आणि १९८२ मध्ये ती फट बुजविली गेली.

वित्तीय तंत्रज्ञानास हीच कसोटी लावता येते. २००७ ते २०१५ या काळात अमेरिकी गृहकर्जांत बँकेतर कर्जसंस्थांचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला. बुचाक, मात्व्होस, पिस्कोर्स्की व सेरू यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, या वाढीचा सुमारे ६० टक्के भाग नियमनातील फरकाचा आहे व सुमारे ३० टक्के तंत्रज्ञानाचा. हे आकडे एका देशातील एकाच कर्जप्रकाराचे आहेत. भारतात मोबाईलवरून मिळणाऱ्या कर्जांना ते जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल. तेथे बँका व बँकेतर संस्था यांना लागू असलेल्या नियमांतील अंतर प्रथम मोजावे लागेल.