इंजेक्टरचा कचरा आणि आपले इथेनॉल



गेल्या पावसाळ्यात कामानिमित्त आम्ही एका सभासदासह मुंबईस निघालो होतो. गाडी आमचीच, जुनी, पेट्रोलची. दोन महिने शेडमध्ये उभी होती. पनवेल मागे पडले आणि खारघरजवळ बेलपाड्यापाशी गाडी आचके देऊ लागली. सोबतचे सभासद लगेच म्हणाले, "साहेब, कारखान्याचं इथेनॉल बाधलं बघा गाडीला!"

ही तक्रार हल्ली गटागटांतून ऐकू येते. २००३ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. त्यात आपल्या उसाचा पैसा आहे, म्हणून खरे काय ते समजून घ्यावे.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा नोझल. फवारणी पंपाचा नोझल तुंबला की धार पडते, तुषार उडत नाहीत, इथेही तेच. इंजिन बंद केल्यावर त्याच्या उष्णतेने तोंडाशी राहिलेला पेट्रोलचा अंश आटतो आणि काहिलीच्या तळाला करपलेल्या पाकासारखा चिकटतो. घर ते बांध एवढीच गाडी फिरवणाऱ्यांना हा त्रास जास्त. दुसरा कचरा टाकीतला, गंज आणि गाळ.

इथेनॉल हा गाळ तयार करीत नाही, पण जुना बसलेला गाळ सोडवून पुढे ढकलते. शिवाय ते पाणी ओढते, त्यामुळे उभ्या गाडीला बाधते. म्हणजे सभासदांचे म्हणणे निम्मे खरे होते! मात्र ॲव्हरेज थोडे घटले म्हणून इंजेक्टर खोलू नयेत. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, तेव्हा तेवढी घट व्हायचीच. जुन्या गाडीचे रबरी पाइप व वॉशर मात्र तपासून घ्यावेत.

सकाळी स्टार्टिंगला त्रास, उभ्या गाडीत थरथर, पिकअप नाही, असे झाले तर आधी प्लग आणि फिल्टर पाहावा. कचरा थोडा असेल तर टाकीत टाकायचे चांगले क्लीनर पुरते. घट्ट बसला असेल तर इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये धुवावे लागतात. नंतर फवारा आपल्यासमोर तपासून घ्यावा आणि ओ-रिंग नव्या घालाव्यात. टाचणी घालणे, पॉलिश पेपरने घासणे, बॅटरीची वायर थेट लावणे असले उद्योग मुळीच करू नयेत. भोक मोठे झाले की इंजेक्टर गेलाच.

आमच्या गाडीच्या टाकीतून तांबूस गाळ निघाला. टाकी धुतली, फिल्टर बदलला, चारही इंजेक्टर साफ करून घेतले, आचके थांबले.

डिझेल ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. तिथे दाब इतका असतो की बारीक फवारा हाताच्या कातडीत शिरतो. त्याचे नोझल पंपवाल्या मेस्त्रीकडेच द्यावेत, आणि गळती हाताने चाचपू नये.